दिवा लागला नाही, म्हणजे काय?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘माझी वाटचाल’ असं छापलं आहे. वाटचाल फार मोठी नाही. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरवर पोट भरते आहे. आमच्या पिढीतल्या निम्म्या इंजिनिअरांची हीच गोष्ट आहे. त्यामुळे वाटचाल बाजूला ठेवते आणि एका छोट्या लाल दिव्याबद्दल बोलते. तो दिवा इथून चाळीस पावलांवर, जुन्या भूगोलाच्या खोलीत, दाराच्या चौकटीवर लावलेला आहे. बॅटरी उतरायला लागली की तो लागतो. एवढंच त्याचं काम.

पण तो दिवा लावायची वेळ माझ्या एका चुकीमुळे आली. ती चूक आज सगळ्यांसमोर सांगायची ठरवून आले आहे.

मागच्या मेळाव्यात आपण वर्गणी काढून शाळेच्या अभ्यासिकेला सौर दिवे दिले, हे सगळ्यांना आठवत असेल. फोटोही निघाले होते. आपल्या कोयना खोऱ्याच्या पाण्यावर वीज तयार होते, असं आपण भूगोलात पाठ केलं. पण जुलैत वाऱ्यानं फांदी तारेवर पडली की वाडीवर दोन-दोन रात्री अंधार, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. म्हणून सहा दिवे, एक पॅनेल आणि एक १२ व्होल्टची ४० अँपिअर-अवरची बॅटरी. संध्याकाळी सात ते दहा अभ्यासिका. वाडीवरची मुलं-मुली यायची. गटात सगळ्यात तांत्रिक मी, म्हणून सगळी निवड माझी.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी बॅटरी मेली. पुरती मेली. दिवसभर ऊन खाऊनही रात्री वीस मिनिटं टिकेना. अभ्यासिका बंद पडली आणि त्या वर्षीच्या दहावीच्या मुलांची ऐन सप्टेंबर ते दिवाळी अशी संध्याकाळ गेली.

मग आपल्या व्हॉट्सॲप गटावर चर्चा झाली. कुणीतरी लिहिलं, ‘गावाकडे वस्तू देऊन उपयोग नाही, सांभाळायला माणूस नको का? बॅटरीत पाणीसुद्धा घातलं नसेल.’ माणूस म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळत होतं. अभ्यासिकेची किल्ली मामांकडे असते. त्या मेसेजवर अकरा जणांनी अंगठा दिला. त्यातला एक अंगठा माझा होता.

दिवाळीला घरी आले तेव्हा मल्टिमीटर घेऊन शाळेत गेले. मामांनी कुलूप उघडलं. बॅटरीची झाकणं काढून बघते तर सहाही कप्प्यांत पाणी बरोबर खुणेपर्यंत. मी विचारलं, ‘मामा, पाणी कधी घातलं होतं?’ मामा काही बोलले नाहीत. कपाटातून एक वही काढून दिली. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांची, दाभणानं शिवलेली. तिच्यात पाणी घातल्याची प्रत्येक तारीख होती. डिस्टिल्ड वॉटरचे पैसे त्यांनी खिशातून दिले होते, तेही लिहिलेलं होतं, पण मागितले कधीच नव्हते.

आणि त्याच वहीत, दुसऱ्या रकान्यात, आणखी नोंदी होत्या. ‘आज साडेनऊला दिवे बारीक.’ ‘आज नऊला बारीक.’ ‘ऊन नाही. पावणेनऊला बारीक.’ जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. एका तारखेपुढे लिहिलं होतं, ‘ताईंना फोन केला. उचलला नाही.’ आठ दिवसांनी पुन्हा तेच.

मी माझा फोन काढून बघितला. दोन्ही दिवशी मामांचा फोन आला होता. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये होते आणि ‘नंतर फोन करू का?’ असा तयार मेसेज एका बोटानं पाठवून दिला होता. नंतर केला नाही.

म्हणजे बॅटरी उतरते आहे, ही सूचना कुणी दिलीच नाही असं झालं नव्हतं. तीन महिने माणूस सूचना देत होता. ती बघणारं कुणी नव्हतं.

आता बॅटरी मेली कशानं, ते सांगते. मुलांच्या अभ्यासिकेचे दिवे मिळून साठेक वॉट. म्हणजे पाचेक अँपिअर. तीन तासांत पंधरा अँपिअर-अवर खर्च. बॅटरी चाळीसची. ऊन असलं तर दुसऱ्या दिवशी सगळं भरून निघतं. श्रावणात दोन-तीन दिवस ऊन पडलं नाही, की तळ. आणि ही बॅटरी शिशाची असते. ती वापरली की पाटांवर शिशाचं सल्फेट बसतं, चार्ज केली की ते परत जातं. दुधाचं भांडं लगेच घासलं तर निघतं, चार दिवस तसंच ठेवलं तर खरवडूनही निघत नाही, तसंच हे. उतरलेली बॅटरी दिवसेंदिवस तशीच राहिली की ते सल्फेट कडक होतं आणि पाटाचा तेवढा भाग कायमचा निकामी.

हे होऊ नये म्हणून पॅनेलसोबतच्या कंट्रोलरमध्ये सोय असते. बॅटरी ११.१ व्होल्टपर्यंत आली की तो दिवे तोडतो. आपल्याकडेही तो होता. मग? मी तारा बघितल्या. दिव्यांच्या तारा कंट्रोलरवर नव्हत्याच, थेट बॅटरीला जोडल्या होत्या.

आणि मग मला आठवलं. पहिल्याच पावसाळ्यात फिटरनं मला फोन केला होता. ‘मॅडम, गणित सोडवता सोडवता मधेच सगळे दिवे जातात, मुलं ओरडतात. डायरेक्ट देऊ का?’ मी म्हणाले होते, ‘चालेल, द्या.’ तो फोन मात्र मी उचलला होता.

तर, मामा, बॅटरी तुम्ही मारली नाही. ती मी मारली. त्या वेळी गटावर अंगठा दाखवला, त्याबद्दल आज सगळ्यांसमोर तुमची माफी मागते. (मामा, उठू नका, बसा. अजून बोलायचं आहे.)

या सगळ्यातून मला एक गोष्ट नीट कळली. कंट्रोलरचं चुकत नव्हतं. तो बॅटरी वाचवत होता. पण न सांगता तोडत होता. जे संरक्षण न सांगता तोडतं, ते माणसं काढून टाकतात. मुलांना आधी कळलं असतं की अजून तासाभरानं दिवे जाणार आहेत, तर त्यांनी गणित आधी संपवलं असतं आणि कुणी तारा बदलायला सांगितल्या नसत्या. कमी होती ती फक्त आधीच्या तासाची.

म्हणून नवी बॅटरी घेतली, तारा पुन्हा कंट्रोलरवर आणल्या आणि ठरवलं की सूचनेचा दिवा मी स्वतः करायचा. ऑफिसातला एक तरुण सहकारी म्हणाला, ‘त्यात काय, एक चिप लावा, मोबाईलवर मेसेज येईल.’ मी म्हटलं, मोबाईलवर आलेल्या सूचनेचं मी काय केलं ते मला माहीत आहे. शिवाय पावसात इथं रेंज नसते. दिवा तिथंच पाहिजे, जिथं दिवे वापरणारी माणसं आहेत. आणि बिघडला तर स्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला दुरुस्त करता आला पाहिजे.

वीस वर्षांनी सोल्डरिंग आयर्न हातात धरलं. पहिल्याच दिवशी बोट भाजलं.

पहिली रचना अगदी सोपी केली. एक झेनर डायोड, एक रेझिस्टर, एक एलईडी. बॅटरी चांगली असेपर्यंत एलईडी पेटलेला, उतरली की विझतो. टेबलावर छान चालली. पण तो एकदम विझत नाही, हळूहळू मंदावतो. रोज थोडा मंद झालेला दिवा माणसाला दिसत नाही. डोळा सवय करून घेतो. आणि विझलेल्या दिव्याकडे कोण बघतो?

दुसरी रचना उलटी. बीसी ५४७ हा साधा ट्रान्झिस्टर घातला. बॅटरी चांगली असताना तो एलईडीचा करंट स्वतःकडे वळवून घेतो, बॅटरी उतरली की सोडून देतो आणि एलईडी पेटतो. पण यात दिवा पेटलेला असो वा नसो, दहाएक मिलिअँपिअर सतत जात राहतात. बॅटरी राखायला ठेवलेला गडी बॅटरीवरच जेवतो. कुंपणानंच शेत खाल्ल्यासारखं. खाणं थोडं असलं तरी मनाला पटेना. वर ट्रान्झिस्टर तापमानाप्रमाणे आपलं मत थोडं बदलतो. मे महिन्यात एक आकडा, डिसेंबरात दुसरा.

तिसरी रचना चालली, तीच आज दारावर आहे. तिच्यात एलएम ३९३ नावाचा कंपॅरेटर आहे. आठवडी बाजारातला तराजू डोळ्यासमोर आणा. एका पारड्यात कायमचं वजन ठेवलेलं आहे, अडीच व्होल्टचं. दुसऱ्या पारड्यात बॅटरीच्या व्होल्टेजचा ठरावीक वाटा, चौथ्या हिश्शाहून थोडा कमी. बॅटरीचं पारडं हलकं झालं की काटा पलटतो आणि दिवा लागतो. अर्धवट काही नाही. लागला तर पूर्ण, नाही तर नाही.

गंमत त्या अडीच व्होल्टच्या वजनात आहे. ते बॅटरीवरूनच घ्यायचं, पण बॅटरी उतरली तरी ते उतरता कामा नये. ताप आलेल्या माणसानं स्वतःच्याच हातानं कपाळ बघितलं तर ताप कळत नाही, कारण हातही तापलेला असतो. बॅटरीनं बॅटरीला मोजलं तर तसंच होईल. त्यासाठी टीएल ४३१ हा छोटा तीन पायांचा भाग मिळतो. बॅटरी साडेबारावर असो की अकरावर, तो आपले अडीच व्होल्ट सोडत नाही. दुसऱ्या पारड्यासाठी वर ३३ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला जोडून १० किलोओहमचा प्रीसेट, खाली १० किलोओहम. प्रीसेट फिरवून दिवा ११.६ व्होल्टला लागेल असं जुळवलं. सहा दिवे चालू असताना ११.६ पासून कंट्रोलरच्या ११.१ पर्यंत किती वेळ मिळतो, ते मी आणि मामांनी घड्याळ लावून मोजलं. सव्वा तास. भूमितीचं एक प्रमेय आणि परत वाचून बघायला पुरेल एवढा. एलईडी विझलेला असताना सगळी रचना मिळून अडीच मिलिअँपिअरच्या आत खाते.

लावून मी पुण्याला गेले. चार दिवसांत मामांचा फोन. या वेळी उचलला. ‘ताई, तुमचा दिवा लपंडाव खेळतोय.’

झालं असं, की लाल दिवा लागला. मुलांनी शहाण्यासारखे दोन दिवे बंद केले. भार कमी झाल्याबरोबर बॅटरीचं व्होल्टेज थोडं वर आलं आणि लाल दिवा विझला. मुलांना वाटलं, बॅटरी बरी झाली. त्यांनी दोन्ही दिवे पुन्हा लावले. लाल दिवा पुन्हा लागला. दहा वेळा हेच. अकराव्या वेळी मुलांनी लाल दिव्याकडे बघणं सोडून दिलं. हे मला नोकरीतून चांगलं ठाऊक आहे. आमच्याकडेही सर्व्हरच्या सूचना येतात. जी सूचना उगाच येते-जाते, तिच्याकडे लोक बघेनासे होतात आणि मग खरी वेळ आली तरी बघत नाहीत.

उपाय एका रेझिस्टरचा. ८२० किलोओहमचा, कंपॅरेटरच्या बाहेर पडणाऱ्या तारेपासून बॅटरीच्या पारड्याकडे परत जोडायचा. आणि ती बाहेरची तार एरवी लोंबकळत राहू नये म्हणून १० किलोओहमनं वर बांधून ठेवायची. त्यामुळे काटा एकदा पलटला की सहज परत फिरत नाही. दिवा ११.६ ला लागतो, पण विझतो १२.१ च्या पुढेमागे. म्हणजे दुसऱ्या दिवशी ऊन पडून बॅटरीत खरंच काही भरल्यावर. इंजिनिअरिंगला याला हिस्टेरेसिस म्हणतात. परीक्षेत मी त्यावर आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. समजलं ते मामांच्या फोनवर.

आता सर, तुमच्याकडे येते.

नववीत तुम्ही आम्हाला सेल, तार आणि टॉर्चचा बल्ब दिला होता. माझा बल्ब लागला नाही. मी मोठ्यानं म्हणाले, ‘सर, सेल संपलाय.’ तुम्ही विचारलंत, ‘कशावरून?’ मी म्हटलं, ‘दिवा लागला नाही.’ तुम्ही फळ्याकडे वळलात आणि लिहिलंत, ‘दिवा लागला नाही, म्हणजे काय?’ मग सगळ्या वर्गाला कारणं सांगायला लावलीत. सेल संपला. सेल उलटा बसला. बल्बची तार तुटली. बल्ब होल्डरमध्ये सैल. तार आतून तुटली. तारेवरचं आवरण नीट सोललं नाही. बटण दाबलंच नाही. सात कारणं. माझ्या वायरचं आवरण सोललेलं नव्हतं. सेल ठणठणीत होता.

दारावरचा लाल दिवा पूर्ण झाला, तेव्हा मी खाली उभी राहून त्याच्याकडे बघत होते. तो विझलेला होता. आणि मला तुमचा फळा दिसला. तो विझलेला आहे, म्हणजे काय? बॅटरी चांगली आहे? की एलईडी उडालाय? की उंदरानं तार कुरतडली? विझलेला दिवा ‘सगळं ठीक’ असं म्हणतोय की ‘मीच मेलोय’ असं म्हणतोय, हे कसं कळणार? गटावर सगळं शांत आहे म्हणजे अभ्यासिका व्यवस्थित चालू आहे, असंच आपण सगळे दीड वर्षं समजत होतो.

म्हणून शेवटचा भाग घातला, एक दाबायचं बटण. ते दाबलं की खालच्या रेझिस्टरला समांतर आणखी एक १० किलोओहम जोडला जातो, बॅटरीचं पारडं मुद्दाम हलकं होतं आणि लाल दिवा लागतो. बॅटरी भरलेली असली तरी. म्हणजे तराजू, तारा, एलईडी सगळं जिवंत आहे हे कळतं. गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागतात, ते याचसाठी. मामा दर सोमवारी राष्ट्रगीतानंतर ते बटण दाबतात आणि वहीत बरोबरची खूण करतात. सगळ्या भागांना मिळून दीडशे रुपयेही लागले नाहीत, सर. पण बटण तुमचं आहे.

दिवा आधी मी बॅटरीच्या कपाटात लावला होता, वायर कमी लागते म्हणून. मामा म्हणाले, ‘ताई, कपाट कोण उघडून बघणार?’ म्हणून दारावर आणला. खाली मुलांनीच पाटी लिहिली आहे: ‘लाल दिवा लागला की तीन दिवे बंद. अवघड गणित आधी. पाऊण तासात दप्तर भरा.’ ‘अवघड गणित आधी’ ही भर त्यांची. मला सुचली नसती.

गेल्या पावसाळ्यात लाल दिवा कितीदा लागला, हे वहीत आहे. कंट्रोलरला तोडायची वेळ एकदाही आली नाही. मुलांनी आधीच बंद केलं होतं. तारा थेट जोडून द्या, असं कुणी म्हटलं नाही. प्राथमिक शाळेच्या खोलीसाठी दुसरा तसाच दिवा नववीच्या चार मुलींनी व्हेरोबोर्डवर केला. माझ्यासारखंच एकीचं बोट भाजलं. सोल्डर मात्र तिचं माझ्यापेक्षा साफ आहे.

आता मित्र-मैत्रिणींनो, शेवटचं. या मेळाव्यातही आपण शाळेला काहीतरी देणार आहोत. यादी फिरते आहे. प्रोजेक्टर, पाण्याचा कूलर, असं बरंच आहे. जरूर देऊ. माझी विनंती एवढीच, की प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने वाढवा. ‘बिघडायला लागली तर कुणाला कळेल?’ आणि ‘त्यानं फोन केला तर आपल्यातलं कोण उचलेल?’ दुसऱ्या रकान्यात नाव नसेल तर ती वस्तू देऊ नये. अभ्यासिकेपुढे माझं नाव मी लिहिलं आहे. बॅटरीच्या पाण्याचे पैसेही यापुढे वर्गणीतून जावेत, मामांच्या खिशातून नाही.

मामांची वही मी परत मागितली नाही. ती कपाटातच आहे. नवी वही मात्र आणली आहे, शिवलेली नाही, बांधणीची. ती आज इथं मामांना द्यायची आहे. सर, तुमच्या हातून दिलीत तर मला बरं वाटेल.

चहानंतर सातला अभ्यासिका उघडेल. आज ढगाळ आहे. दारावर बघा, दिवा लागला आहे का. लागला नसेल, तर बटण दाबून बघा.